शेऱ्याचा रकाना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



  मोबाईल आणि विद्यार्थी या विषयावर मी बोलावे अशी सूचना होती. या विषयावर मुलांना उपदेश ऐकून ऐकून कंटाळा आला असेल याची मला कल्पना आहे. मोबाईल वाईट, मोबाईलने डोळे जातात, मोबाईलने अभ्यास जातो, हे सारे त्यांनी ऐकलेले आहे. मी त्यातले काही सांगणार नाही. मी मोबाईलमधल्या फक्त एका रकान्याविषयी बोलणार आहे. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये तो रिकामा आहे.

आपण फोनमध्ये एखाद्याचे नाव साठवतो. नाव, नंबर, फार तर पत्ता. त्याच पानावर खाली, कधी ‘अधिक माहिती’ असे बोट लावल्यावर, ‘नोट्स’ नावाची एक मोकळी जागा असते. कॅलेंडरमध्ये तारखेखाली ‘वर्णन’ असते. कामांच्या यादीत प्रत्येक कामाखाली ‘तपशील’ असतो. माझा जन्म सरकारी दप्तरात गेला. तीस वर्षे मी नोंदवह्या लिहिल्या. त्यामुळे ही जागा मी पाहिली तेव्हा मला ती लगेच ओळखीची वाटली. अरे, हा तर आपला शेऱ्याचा रकाना!

जुन्या पिढीतील पालकांना शेरा म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, असे रकाने ओळीने असतात आणि सर्वांत शेवटी शेरा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तो असतो. आधीचे रकाने ज्याने रजिस्टर छापले त्याने ठरवलेले असतात. काय काय विचारावे लागेल याचा त्याने आधी विचार केलेला असतो. परंतु माणसाचे आयुष्य छापखान्यात ठरत नाही. जे कोणत्याच रकान्यात बसत नाही, पण पुढे कधीतरी लागणार आहे, ते लिहिण्यासाठी शेरा असतो.

शेतकरी पालकांसाठी आणखी जवळचे उदाहरण देतो. सातबाराचा उतारा पाहा. गाव नमुना सातमध्ये गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव हे सारे ठरलेल्या जागी असते. पण एका बाजूला ‘इतर अधिकार’ असा रकाना आहे. सोसायटीचा बोजा तिथे, कुळाचा हक्क तिथे, विहिरीतील हिस्सा तिथे. जमीन विकत घेणारा शहाणा माणूस आधी तो रकाना वाचतो. आणि तिथली नोंद नुसती हवेत नसते. तिच्याजवळ फेरफाराचा नंबर असतो. ही नोंद कशाच्या आधारे झाली हे तो नंबर धरून गाव नमुना सहामध्ये जाऊन पाहता येते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, कारण पुढे मी तिच्याकडे परत येणार आहे.

व्यापारी पालकही येथे बसले आहेत. शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली आणि तिथे गुळाचा बाजार उभा राहिला. तिथल्या अडतीवर ज्यांनी काम केले त्यांना कीर्द आणि खतावणी ठाऊक आहे. नावे इतके, जमा इतके, एवढ्याने वही पुरी होत नाही. खाली ‘बाबत’ लिहावी लागते. बाबत लिहिली नाही तर सहा महिन्यांनी आकडा राहतो आणि अर्थ निघून जातो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा अशी शिकवण आपल्याकडे सूरह बकरामध्ये आहे, आणि ती आयत कुराणशरीफमधील सर्वांत दीर्घ आयत आहे हे येथील मुलांना त्यांच्या उस्तादांनी सांगितले असेलच.

आता मी माझी स्वतःची फजिती सांगतो. दुसऱ्याची सांगून उपदेश करण्यापेक्षा ते बरे.

आमचे घराणे अत्तारांचे. आजोबा आठवड्याच्या बाजारांना अत्तर, सुरमा, उदबत्ती घेऊन फिरत. अत्तार, बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशी आपल्यातील अनेक घराणी धंद्याच्या नावाने ओळखली जातात, आणि हे समाज महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. मुलाला सवलत हवी तर जातीचा दाखला लागतो, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला त्या दाखल्याची पडताळणी लागते. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आता अडचण अशी की, जुन्या शाळांच्या रजिस्टरात आपल्या मुलांच्या जातीपुढे गुरुजी बहुधा नुसते ‘मुसलमान’ असे लिहीत. धंदा लिहीत नसत. आडनावही पुष्कळदा लिहीत नसत. मुलाचे नाव आणि बापाचे नाव, संपले. गुरुजींचा त्यात वाईट हेतू नव्हता. त्या वेळी त्यांना तेवढेच पुरेसे वाटले. पण नातवंडांच्या वेळी तो एक शब्द नसल्यामुळे घरातील माणसे गावोगाव फिरतात. येथे बसलेल्यांपैकी कितीतरी पालक फिरले आहेत.

माझ्या थोरल्या भावाने, आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू, २००९ साली हा शोध घेतला होता. अब्बांच्या नावापुढे ‘मुसलमान’ एवढेच होते, पण चुलत्यांच्या नोंदीत ‘अत्तार’ हा शब्द त्यांना सापडला. घरी येऊन आनंदाने म्हणाले, “मिळाला रे!” नंतर त्यांचा मुलगा धंद्यात शिरला, दाखल्याची गरज पडली नाही, आणि तो विषय तिथेच राहिला. २०१६ साली भाईजान अल्लाला प्यारे झाले.

२०१९ साली माझ्या मुलाच्या प्रवेशाची वेळ आली. पुरावा आहे हे आम्हाला ठाऊक होते. कुठे आहे हे ठाऊक नव्हते. आजोबा बाजारामागे गावे बदलत, त्यामुळे अब्बा आणि चुलते तीन-चार गावच्या शाळांतून शिकलेले. भाईजानचा जुना फोन कपाटात होता. तो चार्ज करून पाहिला. त्यात एक नाव होते: ‘गुरुजी शाळा’. नंबर लावला तर तो बंद झालेला. आणि खाली नोट्सची जागा कोरी. मित्रहो, मी त्या कोऱ्या जागेकडे किती वेळ पाहत बसलो होतो ते मला आजही आठवते. एक ओळ पुरेशी होती. गावाचे नाव, शाळेचे नाव, रजिस्टरचा क्रमांक. भाईजानला लिहिणे अशक्य नव्हते. त्यांना वाटले असेल, आपण आहोतच की सांगायला. आपल्या सर्वांना तसेच वाटते.

आम्ही चार शाळा पालथ्या घातल्या. मध्येच ऑगस्टमध्ये महापूर आला, रस्ते बंद झाले, गावांना पाण्याचा वेढा पडला. अखेर आमच्या फुफींनी, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, वाट दाखवली. त्या म्हणाल्या, “अरे, भाईजान मला घेऊनच गेला होता त्या गावाला. चिंचेजवळची शाळा. तुम्ही मला विचारलेच नाही.” खरेच आम्ही विचारले नव्हते. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, म्हणून कागदपत्रांच्या कामात त्यांना काय विचारायचे असे आम्हाला वाटले. पाचव्या शाळेत नोंद मिळाली. पण पडताळणीचा अर्ज दाखल व्हायला उशीर झाला. मुलाला त्या वर्षी खुल्या जागेतून पूर्ण फी भरून प्रवेश घ्यावा लागला, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी घरातले दागिने गहाण ठेवावे लागले. यात कोणत्या कार्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आमचा होता. तीस वर्षे ज्या माणसाने सरकारचे शेरे लिहिले, त्याच्या स्वतःच्या घरी एक शेरा नव्हता.

त्या दिवसापासून मी फोनमधील हा रकाना वापरू लागलो. त्याची थोडी माहिती करून घेतली, तीही आपणांस सांगतो.

ही सोय आजची नाही. संगणकावर १९८४ साली साईडकिक नावाचा एक प्रोग्रॅम आला. त्यात दिनदर्शिका, फोन नंबर आणि टिपणवही एकत्र होती, आणि दुसरे काम चालू असतानाच ती उघडता येई. १९८८ साली लोटस कंपनीने अजेंडा नावाचा प्रोग्रॅम काढला. त्याची कल्पना अशी की माणसाने आधी मोकळेपणाने एक ओळ लिहावी आणि तिची जागा मागाहून ठरावी. रकाना आधी आणि माणूस नंतर, ही रीत त्यांनी उलट केली. १९९६ साली पायलट (पुढे पामपायलट) नावाचे खिशात मावणारे यंत्र आले. त्यात पत्ते, तारखा आणि कामे असे वेगळे विभाग होते, पण यांतील प्रत्येक नोंदीला एक टिपण जोडता येत असे. आज आपल्या फोनमध्ये जे आहे ते याच घराण्यातले आहे.

पामपायलटमध्ये आणखी एक गंमत होती. पत्त्यांच्या पानावर चार रकाने आपल्या मर्जीने नाव देण्यासाठी मोकळे ठेवलेले होते. कोणाला वाटेल, मग टिपणाची गरज काय? जे सर्वांच्या बाबतीत लिहावे लागते त्याला वेगळा रकाना करावा. समजा आपण रक्तदात्यांची यादी ठेवतो, तर रक्तगट हा रकाना हवाच, कारण तो प्रत्येकाला आहे आणि त्यावरून यादी लावायची आहे. पण जे एखाद्याच्याच बाबतीत आहे, “यांना दुपारी दोनच्या आधी फोन करू नये”, ते शेऱ्यात जावे. शिवाय फोन बदलताना आपण निर्माण केलेले खास रकाने नव्या फोनमध्ये कधी कधी नावासकट गळून पडतात. साधा नोट्सचा रकाना बहुधा टिकतो. त्याचे कारण असे की, पत्ते एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी व्हीकार्ड नावाचा जो सर्वमान्य नमुना आहे, त्यात टिपणाला स्वतःची ठरलेली जागा आहे. तारखांसाठी आयकॅलेंडर नावाचा नमुना आहे, त्यात वर्णनाला जागा आहे. म्हणून जे जपायचे ते या साध्या जागेत लिहावे.

आता लिहावे कसे, याविषयी माझ्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांनी या लिहून घेतल्या तरी चालतील.

पहिली गोष्ट, तारीख. प्रत्येक शेऱ्याच्या आरंभी तारीख घालावी, आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घालावी. म्हणजे नोंदी क्रमाने लावल्या तर त्या आपोआप काळाच्या ओळीत उभ्या राहतात. तारीख नसलेला शेरा म्हणजे तारीख नसलेले पत्र. “साहेब पुढच्या आठवड्यात या म्हणाले.” कोणत्या वर्षीचा पुढचा आठवडा?

दुसरी गोष्ट, आधार. मघाशी मी फेरफाराच्या नंबराविषयी बोललो. आपण जे लिहितो ते कोणी सांगितले, की कोणत्या कागदावर पाहिले, हे त्याच ओळीत लिहावे. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकेच महत्त्व तो कोणाकडून कोणाकडे आला या साखळीला आहे. आपण एवढे मोठे काम करीत नाही, पण “फुफींनी सांगितले” आणि “रजिस्टरमध्ये स्वतः पाहिले” यांत फरक आहे, हे आपल्या मुलांना समजले पाहिजे.

तिसरी गोष्ट, जसे असेल तसे उतरवणे. रजिस्टरात इब्राहिमचे ‘इब्राम’ लिहिले असेल तर शेऱ्यात ‘इब्राम’ हेच लिहावे, आणि पुढे “म्हणजे इब्राहिम” असे जोडावे. आपण मनाने दुरुस्त करून ठेवले तर पुढच्या माणसाला रजिस्टरात ते नाव सापडणार नाही.

चौथी गोष्ट, शोधण्याचे शब्द. फोन मनातले ओळखत नाही. आपण जी अक्षरे देऊ तीच तो शोधतो. शेख हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि मराठीत लिहिलेले इंग्रजीत शोधले तर पुष्कळदा मिळत नाही. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे हेही फोनच्या दृष्टीने वेगळे आहेत. म्हणून एक रीत ठरवावी आणि ती मोडू नये. दाखल्यांच्या सर्व नोंदींत ‘दाखला’ हाच शब्द घालावा, कधी ‘सर्टिफिकेट’ कधी ‘प्रमाणपत्र’ असे करू नये. नावाचे दुसरे स्पेलिंग शेऱ्यात लिहून ठेवावे. काही ॲपमध्ये शोध शेऱ्याच्या आत जातो, काहींत जात नाही. एक चमत्कारिक शब्द शेऱ्यात लिहून तो शोधून पाहावा; दोन मिनिटांत आपल्या फोनची परीक्षा होते. आणि संगणकावर मराठी लिहिताना युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की त्याची नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, हे कार्यालयात काम करणाऱ्यांनी पाहिले आहे.

पाचवी गोष्ट, जुने पुसू नये. तलाठी सातबारावरील रद्द झालेली नोंद खरवडून काढत नाही, तिला कंस करतो. आपणही नवी ओळ वर लिहावी आणि जुनी खाली राहू द्यावी. कोणाचा नंबर बदलला, कोणाची बदली झाली, हा इतिहासच पुढे वाट दाखवतो.

सहावी गोष्ट, नोंद कुठे ठेवावी. माझा नियम साधा आहे. मी ती पुढे कशावरून शोधीन, असे स्वतःला विचारतो. माणसावरून शोधीन तर त्याच्या नावाखाली, तारखेवरून शोधीन तर कॅलेंडरमध्ये, करायचे काम असेल तर कामाच्या यादीत. यांतील काहीच नसेल तरच वेगळ्या टिपणवहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की त्याचा क्रमांक, कोणती कागदपत्रे जोडली आणि कोणते बाकी आहे, हे शेवटच्या तारखेच्या पानावर वर्णनात लिहावे. म्हणजे आठवण वाजेल तेव्हा सारे समोर असेल. नुसती घंटा वाजून उपयोग नाही. घंटा कशाची हे कळले पाहिजे.

आता काय लिहू नये तेही सांगितले पाहिजे. बँकेचा पिन, पासवर्ड, आधार क्रमांक या रकान्यात लिहू नयेत. आपण एखाद्या ॲपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी देतो, तेव्हा नंबरांबरोबर शेरेही वाचले जाण्याची शक्यता असते. आयफोनवर २०१९ पासून ॲपलने बाहेरच्या ॲपना हा रकाना वाचण्यास खास मंजुरी लागेल असे केले आहे, पण सर्वच फोन तसे नाहीत. कॅलेंडरमधील भेट दुसऱ्याला पाठवली तर खालचे वर्णनही त्याच्याकडे जाते. म्हणून कोणाच्या आजाराविषयी, कोणाच्या घरच्या भांडणाविषयी, कोणाच्या मुलीच्या स्थळाविषयी तिथे लिहू नये. एक कसोटी सांगतो. ज्याच्याविषयी लिहितो त्याने उद्या ते वाचले तर आपल्याला मान खाली घालावी लागेल काय? लागणार असेल तर लिहू नये. शेरा हा अमानत आहे, गिबत नव्हे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप फोनमध्ये कशाला, वहीत लिहावे. माझे वहीशी वैर नाही. मी वहीतच वाढलो. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात आले, त्यांनी ओल्या फायली उन्हात वाळत घातलेल्या पाहिल्या आहेत. फोनही पाण्यात पडतो, हरवतो, चोरीला जातो. म्हणून दोन्ही हवे. महत्त्वाच्या कागदाचा फोटो काढावा आणि मूळ कागद कुठे आहे हे शेऱ्यात लिहावे. वर्षातून एकदा संपर्कयादीची व्हीकार्ड फाईल काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. आणि घराण्याच्या दाखल्यांची नोंद एका कागदावर उतरवून कागदांच्या पेटीत ठेवावी. माझ्या फोनमधील शेरा आज असा आहे, त्यातले गावाचे नाव आणि क्रमांक तेवढे गाळून वाचून दाखवतो:

“२०१९-०९-०४. दाखला. चुलत्यांची नोंद, जातीच्या रकान्यात ‘अत्तार’. प्रवेश १९३८. अब्बांच्या नोंदीत फक्त ‘मुसलमान’. दोन्ही एकाच रजिस्टरात, स्वतः पाहिले. शाळा फुफींनी दाखवली. नक्कल निळ्या फायलीत, लोखंडी पेटी. फोटो मुलाच्या आणि पुतण्याच्या फोनमध्ये.”

एवढाच मजकूर. पण याच्या आधारे माझ्या मुलाची पडताळणी पुढे झाली, आणि धाकट्या पुतण्याच्या वेळी आम्हाला एकाही गावाला हिंडावे लागले नाही. आता आमच्या घरात तो शोध कोणाला पुन्हा करावा लागणार नाही, इन्शाअल्ला.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेली की कागद गोळा करायला लागा. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. आणि कागद गोळा करताना घरातील वृद्ध स्त्रियांना विचारा. कोण कुठे जन्मले, कोणत्या गावी किती वर्षे राहिले, कोणाचे नाव शाळेत काय आणि घरी काय होते, हे त्यांना पाठ असते. त्यांचे ज्ञान कोणत्याही रजिस्टरात नाही, आणि एक दिवस ते त्यांच्याबरोबर जाईल.

हे काम मी विद्यार्थ्यांवर सोपवतो. तुमच्या हातात रोज फोन असतो. या आठवड्यात दादीजवळ, नानीजवळ, फुफीजवळ अर्धा तास बसा. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच नावाखालच्या नोट्समध्ये लिहा. आरंभी तारीख घाला. शेवटी कोणी सांगितले ते लिहा. मराठी येत असेल तर मराठीत, उर्दू येत असेल तर उर्दूत. फोनला दोन्ही लिप्या येतात. अम्मीच्या फोनमध्येही तेच लिहून द्या, कारण घरात शेवटी सगळे तिलाच विचारतात.

आपल्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, आणि त्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. आमच्या आजोबांसारखा बाजारामागे फिरणारा माणूस आपल्या मुलांना जाईल त्या गावच्या शाळेत घालू लागला, तो अशाच वातावरणात. मुले शाळेत गेली म्हणून रजिस्टरात नाव आले. रजिस्टरात नाव आले म्हणून नातवाला आधार मिळाला. मधल्या पिढीने फक्त ते कुठे आहे एवढे लिहून ठेवायचे होते, आणि तेवढेच आमच्याकडून राहिले.

तुमच्याकडून ते राहू नये म्हणून मी ही घरची गोष्ट चारचौघांत सांगितली. आज घरी गेल्यावर फोनमधील एक नाव उघडा, ज्याने तुमच्या घराचे कधी काळी काम केले आहे असे. तो कोण, कोणत्या कामाचा, केव्हा भेटला, एवढे खाली लिहा. भाईजानच्या फोनमधील त्या कोऱ्या जागेत हेच हवे होते.